आरतीमुळे वाचलेल्या रेकॉर्डी

अहो, गेल्या रविवारी तुमची शोकसभा झाली. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, ज्या खोलीत तुमचा श्रवणकक्ष होता त्याच खोलीत. आता तिथे कॉम्प्युटरचा क्लास चालतो. यंत्रांवर प्लास्टिकची पांघरुणं घातलेली आणि टेबलावर तुमचा फोटो. फोटोही कुठला, तर भाच्याच्या लग्नातला. कापून मोठा केलाय, त्यामुळे तुमच्या खांद्यावर कोणाचा तरी नुसता हात उरलाय. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. वाचनालयाचे तेच जुने अध्यक्ष, फक्त चष्मा बदललाय. म्हणाले, "ध्वनिमुद्रिकांचा हा अमूल्य ठेवा त्यांनी जिवापाड जपला." मी पहिल्या रांगेत बसले होते. तुम्ही शेजारी असतात तर हळूच म्हणाला असतात, "जाऊ दे गं." तुम्ही नाही आहात ते एका परीने बरं, असं क्षणभर वाटून गेलं आणि माझा मलाच राग आला.

सभा संपल्यावर ते जवळ आले. "वहिनी, घरी ज्या काही उरल्यात ना, त्या संस्थेला परत द्या. त्यांच्या नावाने दालन करू. उद्घाटन तुमच्याच हातून." मी विचारलं, "वाजवणार कशावर?" ते गोंधळले. "वाजवायच्या कशाला? काचेचं कपाट करू, आत दिवा सोडू. छान दिसतील." मी "बघते" म्हणाले. घरी येऊन पलंगाखालची दोन खोकी ओढून बाहेर काढली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसून राहिले.

कारण तुम्ही दवाखान्यात काय म्हणाला होतात ते मला पाठ आहे. "विखरू देऊ नकोस. कुठल्याही संस्थेत जाऊ देत, पण एकत्र जाऊ देत." मी म्हणाले, "आधी बरे होऊन घरी चला." हो म्हटलं नव्हतं. तुम्हाला मात्र वाटलं असणार की म्हटलं. मी गप्प बसले की तो होकार धरायचा, ही तुमची लग्नापासूनची सोय.

लोकांना वाटतं, आपल्या घरात सतत गाणी चालत असतील. त्यांना काय माहीत. मी उल्हासनगरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवसभर कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडणारी बाई. "हॅलो पूना, हॅलो नाशिक, बोलत राहा, लाइन तोडू नका." घरी आले की मला कुकरची शिट्टीही नकोशी व्हायची. तुम्ही गाण्याने वेडे झालेले, पण मी घरात असताना तुम्ही एकदाही रेकॉर्ड लावली नाहीत. कंपनीतून सुटल्यावर, ड्रॉइंग बोर्डावर पाठ मोडून आलेली असायची, तरी चहा घेऊन परत वाचनालयाकडे जायचात. का, तर बायकोच्या कानांना त्रास नको. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आज लिहिते आहे, कारण शोकसभेत हे कोणाला सांगता आलं नाही, आणि सांगण्यासारखं खरं एवढंच होतं.

त्या रेकॉर्डी तुम्ही कुठून कुठून आणल्या होत्या! आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिराच्या जत्रेला कर्णे लावणारा मंडपवाला कॅसेटवर गेला, त्याने आपला सगळा ढीग दिला. कोणी बदली होऊन गाव सोडलं, कोणाचे वडील वारले, कोणाला शोकेसमध्ये टीव्ही ठेवायला जागा हवी होती. नाट्यगीतं, लावण्या, पोवाडे, नकला, आणि उल्हासनगरच्या घरांतून आलेल्या सिंधी रेकॉर्डी, ज्यांच्यावरची अक्षरं तुम्हाला वाचताही येत नव्हती. सगळ्या लाखेच्या, जड, हातातून निसटली की संपली. त्या गुंडाळायला तुम्ही माझी जुनी सुती लुगडी न विचारता फाडलीत. एक तर मुळीच जुनं नव्हतं. मी आकांडतांडव केलं तेव्हा म्हणालात, "अगं, पण बघ ना, निळ्या काठाचं किती शोभतंय तिला." लावणीला म्हणे निळा काठ शोभतो.

मग कॅसेटी आल्या आणि तुमच्या खोलीत माणसं यायची थांबली. तरी तुम्ही रोज संध्याकाळी कुलूप उघडत होतात. समितीने ठराव केला की श्रवणकक्ष बंद करून मुलांसाठी अभ्यासिका करायची, आणि ध्वनिमुद्रिका 'योग्य ठिकाणी हलवाव्यात'. ठरावातली भाषा अशी सोवळी. प्रत्यक्षात अध्यक्ष तुम्हाला जिन्यात म्हणाले, "दिवाळीच्या आत तेवढ्या काळ्या ताटल्या उचला बुवा." मी तिथेच होते, पुस्तक बदलायला आले होते. तुम्ही मान डोलावलीत. मान! मला वाटलं होतं, निदान राजीनामा तरी तोंडावर माराल. वाटेत मी बडबडत होते आणि तुम्ही भाजी घेत होतात.

त्यानंतर तुम्ही जोडे झिजवलेत ते मी पाहिलं आहे. रेडिओवाल्यांनी कळवलं, आमच्याकडे आमचंच पुष्कळ आहे. एका कॉलेजचे प्राचार्य खूश झाले आणि म्हणाले, स्नेहसंमेलनात पडद्याला दोऱ्याने टांगू, फार आर्टिस्टिक दिसेल. शेजारच्या बाईंनी मला हळदीकुंकवात विचारलं, "त्या गरम पाण्यात बुडवल्या की त्यांच्या फुलदाण्या होतात म्हणे, दोन देता का?" मी तुम्हाला घरी येऊन सांगितलं तर तुम्हाला हसू आवरेना. मला आलं नाही. ज्या वस्तूसाठी तुम्ही पायपीट करत होतात तिची किंमत बाहेर फुलदाणीएवढी, हे मला झोंबत होतं.

आणि मग उल्हासनगरचे टेकचंददादा. यांच्यावरून आपण जेवढे भांडलो तेवढे कशावरूनही भांडलो नसू.

कापडाचं दुकान त्यांचं, माझ्या एक्स्चेंजमागच्या गल्लीत. मीच तुम्हाला घेऊन गेले होते. आपण सिंधी रेकॉर्डी रिक्षात गुडघ्यांमध्ये उभ्या धरून नेल्या, आडव्या ठेवल्या की तडकतात म्हणून. दादांनी दुकानातल्या गादीवर बसून एकेक हातात घेतली, लेबलावरून बोट फिरवलं. एका रेकॉर्डीवर त्यांचं बोट थांबलं. मग म्हणाले, "साईं, ये तो हमारे गाँव का गानेवाला है. मेरी शादी में गाया था. ये एक मेरे को दे दो."

तुम्ही द्यायला हवी होतीत. झालं. एवढंच होतं. त्याऐवजी तुम्ही त्यांना समजावत बसलात की संग्रह तोडता येत नाही, एक काढली की बाकीच्यांची किंमत जाते, तुम्ही सगळ्याच घ्या आणि तुमच्या सिंधी पंचायतीच्या हॉलमध्ये ठेवा म्हणजे सगळ्यांना ऐकता येतील. दादा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पंचायत में तो ताला लगता है, साईं. घर में नहीं लगता." त्यांनी आपल्याला पापड आणि थंड पाणी दिलं, गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आले. आपण रिक्षात बसताना त्यांनी त्या रेकॉर्डीकडे एकदा बघितलं. मी ते बघणं विसरलेले नाही.

परत येताना मी तुम्हाला सोडलं नाही. "लग्नात ज्याने गाणं म्हटलं त्याचा आवाज मागत होता तो माणूस, आणि तुम्ही त्याला नियम सांगत होतात." तुम्ही म्हणालात, "घरात माणूस आहे तोवर ठीक. तो गेला की मुलं भंगारात काढतात. संस्था माणसापेक्षा जास्त जगते." मी म्हणाले, "संस्थेनेच हाकललंय तुम्हाला." तर म्हणालात, "ही नाही तर दुसरी." तुमच्या या बोलण्याला उत्तर नव्हतं असं नाही. पण तुमचा चेहरा इतका दमलेला होता की मी गप्प बसले. तोही तुम्ही होकार धरलात.

दुसरी संस्था मिळाली. एमआयडीसीतल्या कामगारांनी वर्गणी काढून बांधलेला हॉल. एक मोठी खोली, बाहेर कॅरम, आत लाकडी मांडण्या. तिथला भोईर तुमच्याकडे स्वतःहून आला. बदलापूरकडच्या पाड्यावरचा, लेथवर काम करणारा, मुलांना भजन शिकवणारा माणूस. म्हणाला, "साहेब, आमाला द्या. आमी जीव लावू." खरंच लावला. मांडणीला कप्पे केले, प्रत्येक रेकॉर्ड उभी राहील असे. दुरुस्त करून यंत्र बसवलं. शनिवारी पाळी सुटली की वीस-पंचवीस माणसं जमिनीवर बसून पोवाडा ऐकायची. तुम्ही मला एकदा घेऊन गेलात. माझ्या कानांना पहिल्यांदाच काही टोचलं नाही. परत येताना तुम्ही मला "कसं वाटलं" असं विचारलंसुद्धा नाहीत, आणि मी सांगितलं नाही. चांगलं वाटलं होतं. फार चांगलं वाटलं होतं.

मग त्या वर्षीची खंडेनवमी.

अंबरनाथला खंडेनवमी म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. सगळी मशिनं बंद. जी वर्षभर तेलात आणि चुऱ्यात बरबटलेली असतात ती त्या दिवशी नव्या नवरीसारखी घासूनपुसून, हळदीकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून उभी. मायक्रोमीटरसुद्धा स्पिरिटने पुसून पाटावर मांडतात. हॉलमधल्या पोरांनी विचार केला, आपल्या हॉलचं हत्यार कोणतं? तर रेकॉर्डी. पूजेला मळकी वस्तू कशी ठेवायची? सकाळपासून भोईर आणि पाच-सहा जण स्पिरिटचा डबा घेऊन बसले आणि एकेक रेकॉर्ड काढून पुसू लागले. फडकं काळं व्हायला लागलं. त्यांना वाटलं, किती वर्षांचा मळ निघतोय! जितकं काळं निघे तितकं ते आणखी जोर लावून पुसत. लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. मळ नव्हता तो. गाणं निघत होतं फडक्यावर.

आपण पूजेला पोचलो तेव्हा पुसलेल्या सगळ्या मांडून ठेवल्या होत्या. प्रत्येक लेबलावर हळदीकुंकवाचं बोट, वर झेंडू. तुम्ही जवळ जाऊन एक उचललीत, उजेडात तिरकी धरलीत. तिच्यावर रेघा नव्हत्या. नुसता राखाडी, चिकट पत्रा. दुसरी उचललीत. तिसरी. भोईर हसत समोर उभा होता. "साहेब, कशा चमकायला लागल्या! मांडणीत मावली नाय ती दोन खोकी तेवढी पुसायची रायली. आरतीची येल झाली ना." आणि त्याने तुमच्या हातात नारळ दिला.

तुम्ही तो फोडलात.

मी तुमच्याकडे बघत होते. वाटलं होतं की आता हा माणूस ओरडेल, निदान खाली तरी बसेल. तुम्ही नारळ फोडलात, पाणी शिंपडलंत, सगळ्यांबरोबर आरती म्हटलीत आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकलात. बोलले ती मी. एवढ्या माणसांसमोर जे तोंडाला येईल ते बोलले. भोईरला आधी कळेना. मग त्याने यंत्र लावून एक रेकॉर्ड ठेवली. सुई नुसती घरंगळत राहिली. तो तिथेच मटकन खाली बसला. "वयनी, मना काय म्हाईत... आमी मशीन पन अशीच पुसतो." तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवलात आणि मला म्हणालात, "चल."

वाटेत मी रस्त्यातच थांबले. "त्यांना एक शब्द बोलला नाहीत?" तुम्ही म्हणालात, "काय बोलू? वाचनालयात इतकी वर्षं कोणी त्यांच्यावरची धूळ झटकली नाही. यांनी पूजा केली." मी म्हणाले, "पूजा करताना देव विरघळवला त्यांनी. आणि टेकचंददादांचा गानेवाला? तोही त्यात गेला ना?" मी टोचायलाच विचारलं होतं आणि टोचलं. त्यानंतर तुम्ही मला घ्यायला एक्स्चेंजवर यायचात तेव्हा मागच्या गल्लीतून न येता मोठा वळसा घालून येत होतात. मला कळत होतं. एकदाही म्हणाला नाहीत की तुझं खरं होतं. मलाही ऐकायचं नव्हतं ते. मला हवं होतं की तुम्ही हंबरडा फोडावात. तुमच्या वाटचं मीच किती रडायचं?

आरतीची वेळ झाली म्हणून जी दोन खोकी वाचली ती आपल्या पलंगाखाली आली. तुम्ही पुन्हा चौकशा सुरू केल्यात. पुन्हा संस्थाच! एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं, माझा हेडफोन गेला, मला टेबलावर बिलं तपासायला बसवलं, पण तुमच्या चौकशा संपल्या नाहीत. आजारपण आलं तेव्हाही येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होतात, अमुक ठिकाणी नवं ग्रंथालय होतंय म्हणे, खरं का? मी तुम्हाला पेज भरवत होते आणि तुमचं लक्ष खोक्यांसाठी स्थळ बघण्यात. चिडचिड व्हायची माझी. आता त्या चिडचिडीचीसुद्धा आठवण येते.

काल तेरावा झाला. जेवणं आटोपल्यावर मी दोन्ही खोकी बाहेरच्या खोलीत मधोमध आणून ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं की ज्याच्या घरी यंत्र चालू आहे आणि जो खरोखर वाजवणार आहे, त्याने आपल्या हाताने एकेक निवडून न्यावी. भिंतीवर लावायला देणार नाही. अध्यक्ष पान खात होते ते थांबले. "वहिनी, हे काय? दालनाचं ठरलंय ना आपलं?" मी म्हणाले, "तुमचं ठरलंय. तुमच्याकडे यंत्र आहे का?" नव्हतं. मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि त्यांना दुसरीकडे जायचं असल्याचं आठवलं.

आधी कोणी पुढे येईना. मग तुमच्या कंपनीतले, तुमची ड्रॉइंगं गिरवून काढणारे ट्रेसर उठले, गुडघे धरत खाली बसले आणि लेबलं वाचायला लागले. मंडपवाल्याची सून आली, तिने सासऱ्याच्या हातची खूण ओळखली. दोघांना एकच लावणी हवी होती, त्यांच्यात चांगली बाचाबाची झाली. आपल्या घरात रेकॉर्डीवरून माणसं भांडत होती आणि मी पाट उचलत ते ऐकत होते. बाई नवऱ्याच्या तेराव्यालाही सुखावते, हे मला माहीत नव्हतं.

भोईर जिन्यात उभा होता, चपला हातात धरून. त्या खंडेनवमीनंतर तो आपल्या दारात आला नव्हता. मी हाक मारली तरी आत येईना. शेवटी मीच एक पोवाडा घेऊन बाहेर गेले आणि त्याच्या हातात दिला. म्हणाले, "पुसायची नाही. काही झालं तरी पुसायची नाही." तो रडायला लागला. मी त्याला स्पष्ट सांगितलं की माफ केलंय असं समजू नका, मी केलेलं नाही. अहो, ते तुम्हाला जमलं, मला जमत नाही. तो म्हणाला, "नका करू, वयनी," आणि रेकॉर्ड छातीशी धरून उतरून गेला.

टेकचंददादा मात्र आले नाहीत. दुकान विकून मुलाकडे गेल्याचं मी मागेच ऐकलं होतं. कुठे, ते कोणाला धड सांगता येत नाही. त्यांना द्यायला माझ्याकडे काही नव्हतंही.

संध्याकाळपर्यंत दोन्ही खोकी रिकामी झाली. स्वतःसाठी मी एकसुद्धा ठेवली नाही. तुम्ही आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. शेवटी एक मागितलंत, आणि मी ते घरभर माणसांसमोर, शुद्धीत राहून मोडलं. अध्यक्षांवर तुम्ही चिडला नाहीत, भोईरवर चिडला नाहीत. माझ्यावर तरी चिडा.